शिंपी की वटवट्या?

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे, आणि जे सांगणार आहे ते संतापाने सांगणार आहे.

पितळ आणि काच यांतून मी घडले. या घराचे वडील मला गळ्यात अडकवून बागेत तासन् तास निश्चल बसत. "नाव उशिरा कळलं तरी चालेल," ते म्हणत, "पाखरू बिचकता कामा नये." मला पुसल्याशिवाय ते कधी जेवायला बसले नाहीत. ते गेले आणि मी कपाटात पडले. डावी काच बुरशीने खाल्ली.

यंदा स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, लिंबाच्या झाडात, शेपटी उभारलेला एक चिमुकला पक्षी ओरडू लागला, तेव्हा कुठे त्यांच्या लेकीला माझी आठवण झाली.

"वटवट्या आहे," ताई म्हणाली.

"डोळे तपासून घे. शिंपी आहे तो," धाकटा भाऊ म्हणाला.

"शिंपी! तुझा सदरा शिवणार वाटतं? वटवट्याच आहे. तुझा सख्खा भाऊ शोभतो."

वास्तविक प्रश्न सोपा होता. शिंप्याच्या माथ्यावर तांबूस टोपी असते आणि पाठ हिरवट असते. राखी वटवट्याला अशी टोपी नसते. ही दोघे घटकाभर गप्प बसती, तर माझ्या उजव्या काचेतच निकाल लागला असता. परंतु बापाची दुर्बीण घेतली, बापाचा धीर कोणी घेतला नाही! भावाने फोन काढून शिंप्याची ध्वनिमुद्रित साद लावली. मोठ्याने, पुन्हा पुन्हा.

आपल्या हद्दीत परका नर शिरला, असे त्या पक्ष्याला वाटले. तो खिडकीवर चालून आला. पाठोपाठ, पाने शिवून केलेल्या घरट्यातली अंडी सोडून मादीही आली.

"टोपी बघ, टोपी!" भाऊ नाचू लागला. "हरलीस!"

"बरं बाबा, शिंपी. आता तरी बंद कर ते."

त्याने बंद केले नाही. मादी कुठून उडाली, हे समोरच्या तारेवरच्या कावळ्याने पाहिले होते. त्याला दुर्बिणीची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी ताईने मला झाडाकडे वळवले. शिवलेले पान फाटून लोंबत होते. झाड मुके होते.

"काय दिसतंय?" भावाने विचारले.

"तू जिंकलास ते," ती म्हणाली आणि तिने मला खाली ठेवले.

मित्रांनो, माझ्या काचा पुसल्या नाहीत तरी चालेल. पण मला डोळ्यांना लावाल, तेव्हा आधी तोंड मिटा.