न तपासलेलं रक्त

बायको गेली त्याला आठ महिने झाले. मुलीला नववा लागलाय. जावई कामासाठी परगावी, म्हणून ती माझ्याकडे राहते.

परवा चहा पिताना ती म्हणाली, "बाबा, लोकांना नातू हवा असतो. तुम्ही मात्र 'नातच होईल बघ' हे शंभरदा म्हणालात. मुलगा झाला तर घरात घेणार नाही की काय?"

मी हसलो आणि कप विसळायला उचलला.

माझ्या बायकोने एकतीस वर्षं हिमोफिलियावर संशोधन केलं. म्हणजे रक्त न गोठण्याचा आजार. तो आईकडून येतो आणि बहुतेक वेळा मुलग्यांनाच होतो. आईला बऱ्याचदा काहीच त्रास नसतो. हिचा धाकटा भाऊ त्यानेच गेला, नऊ वर्षांचा असताना. त्यामुळे तो दोष हिच्यात असू शकत होता आणि आमच्या मुलीतही. मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं. "वेळ आली की मी सांगेन," असं ही म्हणायची. वेळ आली तेव्हा ही नव्हती.

मला वाटलं, न सांगताच सुटता येईल. काल मी हिच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथे हिची सहकारी आहे. ही तिला बारकी म्हणायची, आता तिचेही केस पिकलेत.

"मुलीच्या नेहमीच्या तपासणीतलं थोडं रक्त मिळालं तर गुपचूप बघशील का? दोष नसेल तर विषयच संपला."

"भाऊजी, तिला न विचारता मी हात लावणार नाही. आणि लावून उपयोगही नाही. गरोदरपणात रक्त गोठवणाऱ्या घटकाचा आकडा आपोआप वाढतो. चांगला आला तरी भरवसा नाही."

"मग तुझ्या ताईचा जुना आकडा? तिने कधीतरी बघितलाच असेल."

ती म्हणाली, "नाही बघितला. निरोगी रक्त कसं असतं हे यंत्राला दाखवायला आम्ही तीस धडधाकट माणसांचं रक्त एकत्र करतो. इथल्या सगळ्यांनी दिलंय. ताई दर वेळी 'माझं लोह कमी आहे' म्हणायच्या आणि तुम्हाला पाठवायच्या."

खरं होतं. मी अकरा वेळा दंड पुढे केला होता. एकदा हिला विचारलंही, "स्वतःचं का बघत नाहीस?" ही म्हणाली होती, "आकडा कळला की विसरता येत नाही."

"बाळंतपणात मूल अडलं तर डोक्याला चिमटा लावून ओढतात," बारकी म्हणाली. "त्या बाळाला हा आजार असला तर डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांना आधी माहीत असलं तर ते चिमटा लावत नाहीत आणि नाळेतलं रक्त लगेच तपासतात. भाऊजी, आज सांगा. उद्यावर ढकलू नका."

तरी मी ढकललं. आज सकाळी ती कपडे वाळत घालत होती, तेव्हा उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

तिने हातातला टॉवेल परत बादलीत टाकला.

"आईने स्वतःचं एकदाही तपासलं नाही?"

"नाही."

"जगभरच्या आयांना शहाणपण शिकवत होती ती!" मग हळू आवाजात, "घाबरत होती?"

"हो."

"आणि तुम्ही?"

"मी अजून घाबरतोय."

तिने बादली तिथेच सोडली. आत जाऊन डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, उद्या सकाळी दोघं या. "उद्या नाही, आत्ताच येतोय," असं म्हणून तिने फोन ठेवला आणि फाइल घेतली. जिन्यात मी हात पुढे केला, तो तिने धरला नाही. तिसऱ्या पायरीवर मात्र ती थांबली आणि कठडा घट्ट पकडला.

"दुखतंय?"

तिने मान हलवली. कळ होती. तारखेला अजून तीन आठवडे बाकी होते. मी तिच्या हातातली फाइल घेतली.

कळ गेल्यावर तिने माझा दंड धरला. "चला. मामाचं काय काय झालं ते रस्त्यात सगळं सांगा. डॉक्टर विचारतील."

मी सांगायला लागलो. पहिल्यांदा त्याचा गुडघा आत रक्त साचून सुजला, तेव्हा तो चार वर्षांचा होता.