शिवणीत सापडलेली जागा

टाचणीबाईशी तंबू बोलायचे. तोंडाने नाही, शिवणीतून. गल्लीच्या टोकाला तिचं दुकान. फाटका तंबू आला की मशीनवर घेण्याआधी ती तो पांढऱ्या चादरीवर झटकायची. वाळू पडली की गिऱ्हाईक कुठल्या किनाऱ्यावर लोळून आलं ते कळायचं, बिस्किटांचा चुरा पडला की घरात किती पोरं आहेत ते. शिवणकाम करते म्हणून लोक आपल्याला टाचणी म्हणतात, असं तिला वाटायचं. गल्लीचं मत जरा वेगळं होतं.

नवरा ट्रक चालवायचा. आठ महिन्यांपूर्वी ट्रकच्या फाळक्यावरून घसरला आणि खुबा मोडला. हाड जुळलं, डॉक्टरांनी वॉकर दिला आणि सांगितलं, चाला. पण हा बाप्या घरातून बाहेर पडेल तर शपथ! एवढा सहा फुटी गडी, ते चार पायांचं लोखंड धरून लोकांसमोर जायची लाज वाटायची त्याला. दिवसभर पडद्याआड बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न ओळखायचा.

"पाण्याकाठी ने, येतो," एकदा तो म्हणाला. "पण गाडी थेट पाण्यापर्यंत गेली पाहिजे. आणि तिथे चिटपाखरू नको."

टाचणीने दोन जागा शोधल्या. पहिलीकडे गाडी गेली, पण सतरा तंबू आणि एक भोंगा आधीच हजर. दुसरीकडे एकांत होता, पण गाडी वरच थांबली आणि खाली अर्ध्या तासाची पायवाट. दोन्ही वेळा नवऱ्याने गाडीचा दरवाजासुद्धा उघडला नाही.

"आता एकदाच," तो म्हणाला. "तेही फसलं तर पुन्हा पाण्याचं नाव काढायचं नाही."

सोमवारी चष्मेवाला आला. बाजारात त्याचं चष्म्याचं दुकान. दरवर्षी त्याच तंबूचा तोच कोपरा फाडून आणायचा.

"शुक्रवारी नेतो. पुढच्या आठवड्यात जायचंय."

"कुठे जाता हो दरवर्षी?"

"पाण्यावर."

"पाणी नळालाही येतं."

"बाई, जागा सांगितली की जागा संपली."

"मग तंबूही तुमचा तुम्हीच शिवा!" टाचणी कडाडली. चष्मेवाल्याने शांतपणे तंबू टेबलावर ठेवला आणि गेला. शिव्या देईल पण शिवून देईल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तिने तंबू झटकला. लाल चुरा पडला. मातीचा नाही, विटांचा. त्यात पाण्याकाठी उगवणाऱ्या पाणकणसाचा पांढरा कापूस. आणि तंबूच्या कडेला टायरचा स्पष्ट ठसा. म्हणजे गाडी तंबूला खेटून उभी! तिच्या अंगात वारं शिरलं. खुंट्यांची पिशवीही तिने चादरीवर ओतली, खुंट्यांना लागलेली पिवळी माती पाहिली, चादरीचं गाठोडं केलं आणि आतल्या खोलीत धावली.

"अहो, विटा आणि पाणकणीस एकत्र कुठे असतात?"

नवऱ्याने चुरा बोटांत चोळला. "ही अर्धी कच्ची वीट. तलावाच्या मागच्या अंगाला जुनी भट्टी होती. काठावरच माती खणायचे, तिथेच भाजायचे. ट्रक पार पाण्यापर्यंत न्यायचो मी. बंद पडून पंधरा वर्षं झाली. तिथे कोण जातंय आता?"

"चष्मेवाला. पण तो पुढच्या आठवड्यात. आपण शनिवारी जाऊ."

गाठोडं तिने पलंगाखाली सारलं आणि मशीनकडे पळाली.

शनिवारी सकाळी गाडी ती चालवत होती आणि तोंड तो चालवत होता. "डावीकडे घे. अगं, तो क्लच आहे, मशीनचं पायदान नाही!" झुडपं गाडीला घासत होती, पण खाली विटांचा चुरा दाबून बसलेला, चाक रुतत नव्हतं. शेवटचं वळण आलं आणि समोर पाणीच पाणी.

आणि पाण्याच्या काठावर, वाऱ्याने फुगलेल्या तंबूशी झोंबणारा चष्मेवाला.

"वळव," नवरा म्हणाला. "घरी चल."

तेवढ्यात चष्मेवाला ओरडला, "बाई! माझ्या खुंट्या कुठायत?"

टाचणीने काच खाली केली. "पलंगाखाली," ती खिडकीतून म्हणाली. "तुम्ही पुढच्या आठवड्यात येणार होतात ना?"

"हवा चांगली होती म्हणून आलो!"

ती उतरून धावली. तंबूचा एक कोपरा चष्मेवाल्याने आपल्या गाडीला बांधला होता, दुसरा हातात होता. तिसरा तिने पकडला. चौथा थेट पाण्याकडे निघाला. दाबायला एक अख्खी वीट नाही. चांगल्या विटा लोकांनी कधीच पळवलेल्या.

"दोरी खाली ओढ!" गाडीतून आवाज आला. "अशी नाही! अरे देवा, दोघं मिळून कपडे वाळत घालताय का?"

दरवाजा उघडला. वॉकर खाली आला, मागून नवरा. चुऱ्यावर खडखड करत, एकेक पाऊल टाकत तो त्या चौथ्या कोपऱ्यापाशी पोचला. सुटलेली दोरी पकडून वॉकरला गुंडाळली, ट्रकवरची ताडपत्री बांधतात तशी गाठ मारली आणि नव्वद किलो वजन वर टाकलं. कोपरा जागचा हलेना.

"आता आपली गाडी इकडे आण. तिसरी दोरी चाकाला. चष्मेवाले, दोरीचं ते गाठोडं सोडा, त्याला गाठ म्हणत नाहीत. पाण्याचे कॅन आहेत? भरून इथे लावा."

दहा मिनिटांत तंबू ताठ उभा राहिला. चष्मेवाल्याने आपली घडीची खुर्ची आणली आणि नवऱ्यामागे ठेवली. नवरा बसला. मग टाचणीच्या खांद्यावर हात ठेवून उठला आणि पाण्यापर्यंत गेला. टाचणीने मनात मोजलं, बारा पावलं.

दुपार कलली तशी ती म्हणाली, "निघायचं?"

"कसं निघणार? वॉकर काढला तर यांचा तंबू उडेल."

चष्मेवाला हसला. "जागा कुणाला सांगू नका म्हणजे झालं. खुंट्या सोमवारी दुकानातून नेतो."

"दुकानात कशाला हेलपाटा?" नवरा पाण्याकडे बघत म्हणाला. "पुढच्या शनिवारी आम्हीच आणून देतो. इथेच."