आईनं न ओतलेलं पाणी

गवंडी दाजींची अर्धी दाढी झाली होती, उरलेल्या गालावर फेस होता. तेवढ्यात न्हावी दुकानामागून वस्तरा हातात घेऊनच धावत आत आला.

"दाजी, उठा. ताईला, बाळाला घ्या आणि शाळेवर चला. पाणी लाल रेघेच्या वर गेलंय."

दाजी हलले नाहीत. आरशातूनच विचारलं, "कोणाचं पाणी?"

प्रश्न रास्त होता. वेधशाळेला गावोगाव पाऊस मोजणारी हौशी माणसं हवी होती, तेव्हा न्हाव्यानं आपणहून हात वर केला होता. पगार शून्य, पण रोज सकाळी साहेबाला फोनवर आकडा सांगायचा मान. वर त्यानं ओढ्याकाठच्या आळीला शब्द दिला होता: पाऊस मोजायच्या भांड्यातल्या नळीत पाणी लाल रेघेवर गेलं, की मी पत्रा बडवीन, तुम्ही टेकडीवरची शाळा गाठा.

मागच्या आठवड्यात त्यानं पत्रा बडवला. आळी निघाली. एका आजोबांना खाटेसकट नेलं, ते वाटेत घोरत होते. एकानं तर घराचं दारच उखडून नेलं. ओढ्यात मात्र बदकाचे पाय बुडतील एवढंही पाणी आलं नाही. संध्याकाळी कळलं, न्हाव्याच्या आईनं भांड्यात तांब्या रिकामा केला होता. का, तर शेजारच्या गावात पाऊस मोजणाऱ्या शिंप्याचा आकडा मोठा आला होता.

"गावाला काही अब्रू आहे की नाही?" असं तिचं म्हणणं.

आता ती पिठाचे हात घेऊन दारात आली. "आज मी नाही ओतलं."

"मागच्या वेळीही हेच म्हणालीस!"

"तेव्हा खोटं बोलले. आज खरं बोलतेय. आईचं एवढंही कळत नाही?"

दाजी म्हणाले, "सासूबाई, राग मानू नका, पण तुमच्या तांब्यासाठी मी पुन्हा घर सोडणार नाही."

ताईच्या पदरी अंगावर पितं बाळ, तिचं घर आळीत सगळ्यात खाली. आणि खरं सांगायचं तर न्हाव्याचाही आईवर भरवसा नव्हता. त्यानं दुकानामागचं भांडं उपटून काढलं, पाणी ओतून टाकलं आणि ते काखेत मारून मुसळधार पावसात थेट आळीत नेलं. ताईच्या अंगणातल्या कट्ट्यावर ठेवलं. मागोमाग आई आणि दाजी आले, माणसं डोक्यावर पोती घेऊन जमली.

"बघा सगळ्यांनी. कोणी हात लावायचा नाही."

"म्हातारीला लांब ठेवा आधी!"

दोन बायकांनी आईचे दंड धरले. तिनं न सांगता दोन्ही हात वर केले आणि तशीच उभी राहिली. बोटांवरचं पीठ पावसानं धुऊन निघालं.

पाणी नळीत चढू लागलं. ओढ्यात दगडांची गडगड ऐकू येऊ लागली. दाजींनी भांडं उचललं, बुडाखाली बघितलं, आत फुंकर मारली, परत ठेवलं. पाणी तोवर आणखी वर.

"ह्यात काहीतरी लबाडी आहे," दाजी म्हणाले.

ताई बाळाला छातीशी धरून उंबऱ्यात आली. "अरे, तुला खात्री आहे ना?"

"आईची नाही. पावसाची आहे."

तिनं बाळावर घोंगडी ओढली आणि चढ धरला. मग दाजी निघाले. मग सगळी आळी, आजोबा खाटेसकट.

शाळेच्या ओट्यावरून त्यांनी ओढा आळीत शिरताना पाहिला. दाजींनी स्वतःच्या हातानं बांधलेली भिंत आधी वाकली, मग नाहीशी झाली. दाजी मटकन खाली बसले. ताईनं बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. ते त्यांचा गाल ओढू लागलं.

न्हाव्याचा फोन वाजला. वेधशाळेचे साहेब होते. "आज आकडा आला नाही तुमचा."

"साहेब, गडबडीत बघायचा राहिला. आणि भांडं गेलं वाहून."

"अंदाजे तरी सांगा. रकाना रिकामा ठेवता येत नाही."

आईनं त्याच्या हातातून फोन ओढून घेतला. खाली एक घर चालू लागल्यासारखं पाण्यावर सरकलं. ती ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "पुरे."