ओळ चारशे बारा

सांगोल्यात बजाबाई घोंगडी उन्हासमोर उभी धरते. डाग दिसला की घोंगडी हातभर सरकवते. डागही सरकला, तर तो घोंगडीत. जागचा हलला नाही, तर आपल्या डोळ्यात.

क्ष-किरणांची चित्रं टिपणाऱ्या डिटेक्टरचं एखादं पिक्सेल मेलं, की सॉफ्टवेअर शेजाऱ्यांची सरासरी काढून ती जागा भरतं.

डाळिंबाच्या खोडातली पाण्याची नळी केसाहून बारीक. पाणी तुटलं की तिच्यात हवेचा बुडबुडा शिरतो.

वीस मिनिटं.

यंत्रावरच्या पाळीची एवढीच उरली होती. बजाबाईची लेक पूनम सोलापुरात, विद्यापीठातल्या संगणकापुढे. तिचं डाळिंबाचं रोप दुसऱ्या राज्यात, सिंक्रोट्रॉन नावाच्या महायंत्राच्या क्ष-किरणांत. नवा डिटेक्टर सेकंदाला हजार चित्रं काढत होता, आणि मघाशी त्यातल्या एकात ठिपका उमटला. ओळ चारशे बारा. पुढच्या प्रत्येक चित्रात तो तिथंच.

"मेलेलं पिक्सेल," तिचे मार्गदर्शक शिवानंद सर म्हणाले. "पुसून टाक."

"बुडबुडा आहे, सर. तीन वर्षं हाच शोधतेय."

"सॉफ्टवेअर काय म्हणतंय?"

"त्यानं कधी डाळिंब लावलेलं नाही."

सरांनी माउस ओढून घेतला.

"हात काढा, सर."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग हात काढला.

पूनमने फोन लावला. तिकडे यंत्रावर माढ्याचा कुंडलिक होता.

"कुंडलिकदादा, रोप दहा ओळी वर घ्या."

"मॅडम, जुळणी मोडंल. परत लावायला येळ न्हाय. उरलेलं समदं जाईल की."

"जाऊ दे."

"सरांना इचारलं का?"

"सर इथंच आहेत. गप्प आहेत."

"गप्प?" कुंडलिक हसला. "मग घेतो बाबा. असा दिवस परत कुटं यायचा."

तिकडे रोप सरकलं. पडदा काळा झाला. पूनम उभीच राहिली.

चित्र आलं.

चारशे बारावी ओळ कोरी. ठिपका चारशे दोनवर.

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. ठिपका होता तिथंच होता.

"बरं," ते म्हणाले. "लिहून ठेव."

"लिहिते. पुसायला सांगितलं होतं, तेही लिहिते."

"त्याची काय गरज?"

ती लिहीत होती. तारीख, वेळ, ओळ, नाव.

सोमवारच्या पाळीत शिवानंद सरांनी असेच अकरा ठिपके पुसले होते.