शेवटच्या झाडाचं पाणी

नाना गेले त्याच्या आदल्या दिवशी, १९९९च्या जानेवारीत, आम्ही दोघं जळगावला जब्बारभाईंच्या सायबर कॅफेत बसलो होतो. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठिबक सिंचनाचा आराखडा काढणारं सॉफ्टवेअर चार वर्षं खपून लिहिलं होतं. जमिनीचा उतार आणि झाडांची संख्या भरली की कुठे किती जाडीची नळी हवी ते कळे. पण जाहिरातीचं नाव काढलं की नाना चष्मा पुसत बसत.

"रिक्षावर भोंगा लावू का, नाना?" जब्बारभाई चिडवत.

"लाव. ओरडायचं मात्र तू."

इंटरनेट नानांना आवडलं होतं. "इथं कुणाच्या दारात जावं लागत नाही. ज्याला अडचण आहे तोच विचारत येतो. आपली पाटी फक्त त्याच्या शब्दांत हवी."

म्हणून शेतकऱ्यांचा फोनवर आलेला प्रत्येक प्रश्न ते वहीत जसाच्या तसा उतरवत. पहिल्याच पानावर धरणगावच्या हिलालभाऊंचा होता: 'शेवटला झाडले पानी पोचत नही.' तेव्हा इंटरनेटवर मराठीत शोधता येत नसे, म्हणून तेच वाक्य साध्या इंग्रजीत त्यांनी वेबपेजचं शीर्षक केलं. खाली कारणं, नळी तपासायची रीत, विकत काही न घेता करता येणारे उपाय. सॉफ्टवेअरच्या दोन ओळी अगदी शेवटी.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. मला त्या शीर्षकाची लाज वाटली. पेज चढवायचं काम माझ्याकडे होतं. नानांना न सांगता मी 'सूक्ष्म सिंचनाचे शास्त्रीय आराखडे' अशा अर्थाचं भारदस्त शीर्षक घातलं, खालचा मजकूरही पुस्तकी करून टाकला.

जानेवारीतल्या त्या दिवशी कॅफेत नानांनी दोन बोटांनी हिलालभाऊंचा प्रश्न इंग्रजीत टाइप केला. निकालांची तीन पानं पाहिली. आमचं पेज कुठेच नव्हतं.

"आपलं पेज उघडून बघू का?"

"तास संपला, नाना," मी घाईने म्हणाले.

ते उठले. "लोक वेगळं काही विचारत असतील. माझंच ऐकण्यात चुकलं."

वाटेत त्यांनी भरताची वांगी निवडून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीला जाताना कोसळले ते उठलेच नाहीत.

दिवसकार्य उरकल्यावर मी ती वही घेऊन कॅफेत गेले. त्यांची ओळ न् ओळ परत घातली आणि शोधसंकेतस्थळांना पेजचा पत्ता पुन्हा कळवला.

एप्रिलमध्ये सांगोल्याच्या एका डाळिंबवाल्याचा ईमेल आला. त्याने जवळजवळ तेच शब्द टाकले होते आणि आमचं पेज सगळ्यांत वर आलं होतं. त्याच्या शेवटच्या झाडापर्यंत पाणी गेलं होतं. आता त्याला सॉफ्टवेअर बघायचं होतं. 'ज्यांनी हे लिहिलं त्यांच्याशी बोलता येईल का?'

माझ्या खांद्यावरून वाचणारे जब्बारभाई काउंटरकडे गेले. शेजारची खुर्ची रिकामी होती. मी तिच्याकडे वळले.

"नाना, तुमचं ऐकण्यात चुकलं नव्हतं. शीर्षक मी बदललं होतं."