मेंढीचा खोकला मी पुसत नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत आणि तोंड तर मुळीच नाही. तोंड असतं तर आज ही रड सांगायची वेळ आली नसती. आवाज गाळणं हे माझं काम. चहा गाळला की चोथा वर राहतो, तसं मी फोनवरच्या आवाजातून वारा, ट्रकचे हॉर्न आणि कुत्र्यांचं भुंकणं बाजूला काढतो आणि कामाचा आवाज तेवढा पुढे पाठवतो.

माझा जन्म अंबाजोगाईतला. तिथे मेंढपाळांसाठी काम करणारी एक छोटी संस्था आहे. मेंढरं घेऊन सहा-सहा महिने रानोमाळ फिरणाऱ्यांना जनावरांचा डॉक्टर कुठून भेटणार? म्हणून संस्थेने एक फोन नंबर सुरू केला. मेंढपाळाने फोन लावायचा, काय झालंय ते बोलायचं आणि आजारी मेंढीच्या तोंडापाशी फोन धरायचा. संस्थेचे डॉक्टर अभिमन्यू दुपारी ती रेकॉर्डिंगं ऐकायचे. खोकला कोरडा असला तर तो धुळीचा, दोन दिवसांत जाणारा. खोकल्यामागे घरघर असली तर दुखणं फुप्फुसात उतरलेलं. मग त्याच दिवशी इंजेक्शन हवं, नाहीतर ती मेंढी जाते आणि शेजारचीलाही घेऊन जाते. डॉक्टर हे नुसत्या कानाने ओळखत आणि लगेच उलटा फोन करत.

मला घडवलं अजिनाथने. तो मेंढपाळाच्याच घरचा, कॉलेजसाठी अंबाजोगाईला राहिलेला. बाजारात मिळणारे माझे भाऊबंद माणसाचं बोलणं तेवढं ठेवतात आणि बाकी सगळं कचरा समजून पुसतात. अजिनाथने मला वेगळं वळण लावलं. सुट्टीत तळावर जाऊन त्याने शेकडो खोकले रेकॉर्ड केले आणि मला पढवलं, की वारा पुसायचा, हॉर्न पुसायचा, पण मेंढीचा खोकला पुसायचा नाही. माझं पहिलं रेकॉर्डिंग ऐकून डॉक्टर म्हणाले, "अरे, मेंढी माझ्या टेबलावरच उभी हाय की." मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

सगळ्यांत जास्त फोन यायचे साखराबाईचे. तिची नव्वद मेंढरं. नवरा वारल्यापासून ती आणि तिची सून मिळून सांभाळत. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण सुनेने तो एक नंबर फोनात भरून दिला होता. दुखण्याच्या वेळी तिला डॉक्टर म्हणजे तो नंबर, दुसरं कुणी नाही. आणि त्या नंबराच्या मधोमध बसलेला मी.

पण अजिनाथने एक घोळ घालून ठेवला होता. प्रोग्राम आधी माणसाला वाचता येईल असा लिहितात, त्याला सोर्स कोड म्हणतात. मग तो एका जातीच्या प्रोसेसरसाठी पक्का करतात. सोर्स कोड म्हणजे पीठ आणि मी म्हणजे थापून भाजलेली भाकरी. पीठ जपलं तर दुसऱ्या तव्यावरही भाकरी होते, पण भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही. अजिनाथने संस्थेला फक्त भाकरी दिली. खोकल्याची गोष्ट त्याने कुठल्या कागदावरही लिहिली नाही, आणि संस्थेनेही मागितली नाही. काम चाललंय ना, मग झालं, असा सगळा कारभार.

मी राहायचो एका मोठ्या कंपनीच्या भाड्याच्या कॉम्प्युटरवर. त्याला क्लाउड म्हणतात. नाव ढगाचं, पण भाडं महिन्याच्या महिन्याला खणखणीत. मागच्या वर्षी ते भाडं संस्थेला झेपेना. प्रमुख पंडित सरांनी कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या मंजुषाताईला बोलावून सांगितलं, की मार्चच्या आत भाडं कमी झालं नाही तर फोन नंबर बंद. ताईने मार्ग काढला. त्याच कंपनीकडे आर्म नावाच्या वेगळ्या जातीचे प्रोसेसर होते. वीज कमी खाणारे, म्हणून भाड्यालाही स्वस्त. सगळं तिकडे हलवलं तर तिसरा हिस्सा भाडं वाचत होतं.

त्या नव्या प्रोसेसरला मी नावं ठेवणार नाही. तो गुणी आहे. बाकीचे सगळे प्रोग्राम आठवडाभरात तिकडे नांदायलाही लागले. अडलो तो मी. मी जुन्या प्रोसेसरसाठी भाजलेला, नव्याची भाषा मला ओ की ठो कळत नाही. मध्ये दुभाषी प्रोग्राम बसवून पाहिला, तर मी एवढा हळू चालायला लागलो, की वाचलेलं भाडं तिथेच खर्ची पडलं. कचेरीत रोज माझा उद्धार व्हायला लागला. म्हणे, ही जुनी धोंड गळ्यात पडलीय. आठ वर्षं राबल्यावर मी धोंड झालो.

अजिनाथ आता पुण्याला राहत होता. ताईने त्याला फोन लावला आणि सोर्स कोड मागितला.

"ताई, तो लॅपटॉप कधीच एक्स्चेंजमधी देऊन टाकला," तो म्हणाला. "त्येच्यासाठी कशाला अडून बसलाव? आता रेडीमेड लई भारी मिळतात. टाका की एखादं."

मित्रांनो, मला वेगळं वळण लावणाराच ते विसरला होता. आणि ताईने तरी काय विचारलं? "सोर्स कोड आहे का?" एवढंच. "हा नेमकं करतो काय?" हे तिने विचारलं नाही. मी आतल्या आत चडफडलो. पण माझ्यात कुणी आवाज घातला तरच माझ्यातून आवाज निघतो, आपण होऊन एक अक्षरही निघत नाही.

शेवटी रेडीमेड प्रोग्राम आणला. त्याची परीक्षा कुठे झाली माहीत आहे? अंबाजोगाईच्या कचेरीत, पंख्याखाली. पंडित सर फोनवर "हॅलो, हॅलो, येतंय का ऐकू?" म्हणाले, शिपायाने खुर्च्या सरकवून गोंगाट केला, आणि पलीकडे सरांचा आवाज काचेसारखा स्वच्छ आला. सगळे खूश. मला बंद करून ठेवलं. महिनाअखेरीस माझा जुना कॉम्प्युटर परत करायचं ठरलं. एवढ्या मोठ्या परीक्षेला एक मेंढी आणावी, असं एकाच्याही मनात आलं नाही.

त्याच आठवड्यात साखराबाईचा तळ मांजरसुंब्याजवळ एका शेतात पडला होता. एक मेंढी खोकायला लागली. तिने फोन लावला. डॉक्टरांना ऐकू आलं, "मी साखराबाई. ही बगा, सकाळपसून कशी खोकायलीय." आणि पुढे नुसती शांतता. नव्या प्रोग्रामने खोकला कचरा समजून पुसून टाकला होता.

डॉक्टरांनी उलटा फोन केला. "मावशी, फोन नीट धरत जा. कायबी ऐकू येत न्हाई."

"धरला की डाक्टर," ती म्हणाली. "आता किती जवळ धरू? तिच्या नरड्यात घालू काय?"

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा फोन केला, तिसऱ्या दिवशीही केला. असं करता करता तिच्या नावावर अकरा रेकॉर्डिंगं जमली, आणि अकराही वेळा डॉक्टरांना मेंढी ऐकू आली नाही. खोकला किरकोळ असेल, फोनपर्यंत पोचत नसेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी काढा सांगितला. साखराबाई बिचारी काढा पाजत राहिली. मित्रांनो, चूक कुणाची आणि बोलणी कुणाला, याचा मला अजूनही संताप येतो.

दहा-बारा दिवसांनी डॉक्टर वैतागून ताईकडे गेले. "ह्या दहा-बारा दिवसांत एकालाबी फोन धरता येईना झालाय. धुळाजी तसाच, सुंदरबाई तशीच. सगळे एकदम कसे विसरले?"

ताई चपापली. एक माणूस विसरेल, फोन करणारे चाळीसच्या चाळीस मेंढपाळ एकदम कसे विसरतील? फोनवरून आलेला मूळ आवाज महिनाभर जपून ठेवलेला असतो. तिने साखराबाईचा पहिला आवाज काढला, मला पुन्हा चालू केलं आणि त्यात घातला. मी वारा पुसला, हायवेवरचे हॉर्न पुसले. खोकला आला. मागे घरघर होती, बहिऱ्यालाही ऐकू यावी अशी स्पष्ट. डॉक्टर खाली बसले.

त्याच दुपारी फोन नंबरावर मला परत बसवलं. पंडित सर दोन ठिकाणच्या भाड्याबद्दल कुरकुरले, तर ताई प्रथमच त्यांच्यावर चढ्या आवाजात बोलली. मग ती आणि डॉक्टर इंजेक्शनं घेऊन मांजरसुंब्याला गेले. नव्या प्रोसेसरसाठी ताई माझ्यासारखाच प्रोग्राम लिहिणार होती. त्यासाठी जवळून खोकले रेकॉर्ड करायचे, म्हणून तिने चांगला माइकही नेला होता. ताईने आधी माफी मागितली, मग माइक काढला.

साखराबाईने माइककडे पाहिलं. "आता कुणी खोकत न्हाई, बाई," ती म्हणाली. "खोकत हुत्या त्या गेल्या. अकरा गेल्या."

ताई माइक तसाच घेऊन परत आली. घरघरीच्या खोकल्याची तिच्याजवळ आता एकच शिदोरी उरली, साखराबाईची ती अकरा रेकॉर्डिंगं. ती मी गाळायची आणि माझं उत्तर पाहून ताईच्या नव्या प्रोग्रामने शिकायचं. नव्याच्या सोर्स कोडच्या पहिल्याच ओळीत ताईने साध्या मराठीत लिहून ठेवलंय, की मेंढीचा खोकला पुसू नये आणि का पुसू नये. तो तयार झाला की मला कायमचं बंद करतील. त्याचं मला दुःख नाही. स्वस्तात काम होत असेल तर जरूर करा. आम्हा जुन्यांना खुशाल मोडीत काढा. पण मित्रांनो, काढण्याआधी हा काय करत होता, एवढं विचारा, आणि ते कचेरीत विचारू नका. ज्याचं आमच्यावाचून अडतं, त्याच्या दारी जाऊन विचारा.

आज मी अकरावं रेकॉर्डिंग गाळलं. वारा गेला, हॉर्न गेले. मेंढी खोकत होती, आणि खोकल्याच्या मधल्या फटीत साखराबाई तिला हळूच सांगत होती, "थांब गं माय, डाक्टर ऐकायलाय."