डॅशबोर्डवरचा वसुदेव

"मामा, ह्यो वसुदेव न्हाईच!" भागवत मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. डॅशबोर्डवरच्या पितळी बिल्ल्याचा एक स्क्रू त्यानं काढलाही होता. "ख्रिस्ती लोकांचा संत हाय. क्रिस्तोफर. खांद्यावर बाळ येशू घिऊन नदी पार करतोय. काढून टाकू का?"

शहादेव जीपच्या दाराशी उभा होता. डोळ्यांनी दगा दिला, म्हणून चकलांबा-गेवराई रस्त्यावरची त्याची ही जीप आजपासून भाच्याची. खांद्यावर लेकरू, हातात काठी, गुडघ्यापर्यंत पाणी. असा दाढीवाला बाबा वसुदेव नाही तर दुसरा कोण असणार? नगरच्या जुन्या मालकानं जीप विकताना एवढंच बजावलं होतं, "याला हलवू नका." शहादेवनं हलवलं तर नाहीच, उलट गोकुळाष्टमीला हार घातला आणि रोज उदबत्ती ओवाळली. धुरानं पुढच्या सीटवरचे प्रवासी खोकून बेजार झाले, पण उदबत्ती चुकली नाही.

"बघ तरी नीट," तो म्हणाला.

"बघितलं की. सतराशे वर्सांमागचा हाय म्हनं. त्यांच्याच चर्चनं त्याचा सण मोठ्या कॅलेंडरातून काढला. पर डायवर लोक ऐकत्यात व्हय? जगभर गाड्यांमदी ह्योच!"

एरवी शहादेव पोट धरून हसला असता. आज हसू आलं नाही. जीप घ्यायला गेला तेव्हा त्यानं इंजिन पाहिलंच नव्हतं, हा बिल्ला तेवढा पाहिला होता. त्याच्या आदल्याच पावसाळ्यात ओढा ओलांडताना त्याच्या खांद्यावरून आदिनाथ सुटला होता. एकुलता एक लेक, चार वर्षांचा. तेव्हापासून पुलावर पाणी आलं की शहादेव जीप उभी करी. प्रवासी भित्रा म्हणत, शिव्या घालत. पाणी उतरेपर्यंत हा ढिम्म.

"तुला नगं तर दे इकडं. मी घरी ठिवतो," तो म्हणाला. भागवतनं दुसरा स्क्रूही काढला.

विमलबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होती. सूप खाली ठेवून ती जीपपाशी आली.

"भागवत, त्याच्या खांद्यावरचं लेकरू बुडलं का रं?"

"न्हाई मामी. पार नेलं की. म्हनून तर लोक मानत्यात."

"मग आसू दे कुनाचा बी. लाव परत."

"आगं, त्याला नगं हाय ते," शहादेव म्हणाला. "ऱ्हाईल आपल्या देव्हाऱ्यात."

विमलबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं ओढ्याचा विषय एकदाही काढला नव्हता. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं शहादेवला कितीदा वाटलं होतं.

"आपल्या घरात पार न्यायला कोन ऱ्हायलंय आता?" ती म्हणाली. "ह्याच्या जीपीत शाळंची लेकरं बसतील."

भागवतनं बिल्ला, स्क्रू आणि स्क्रूड्रायव्हर मामाच्या हातावर ठेवले. शहादेव वाकला, पण त्याला स्क्रूची खाच दिसेना. विमलबाईनं त्याचा हात धरून नेमका तिथं टेकवला. दोन्ही स्क्रू घट्ट बसेपर्यंत तिनं तो सोडला नाही.